उसनी चाल

ऐक, जाल्या. आधी नुसतं ऐक. चहा आला तर पी, पण मधी बोलू नको. तू पुण्यात, तुला यातलं काहीच माहीत नाही, म्हणून तर तुलाच सांगतोय. गावातल्या कुणाला सांगायची सोय नाही.

एकोणतीस एप्रिलला सकाळी मी स्टुडिओ उघडून नुसता पंखा लावला होता, तर खालून जिन्यात खोकल्याचा आवाज. बघतो तर आकारामकाका. आपल्या गावच्या पाणीपुरवठ्याचा माणूस, माहीत आहे ना तुला? व्हॉल्व फिरवायची ती लांब लोखंडी चावी तशीच हातात. म्हणजे खालच्या आळीचं पाणी सोडून न्याहारी न करता सरळ नऊ किलोमीटर सायकल मारत आटपाडीला आलेला. दम लागलेला. खुर्ची दिली तर बसला नाही.

"परब्या, त्ये गानं पुसून टाक."

मी म्हटलं, "कुठलं ओ काका?"

"कुठलं म्हंजे? मी काय धा-वीस गानी म्हनलीत व्हय रं?"

खरंच होतं. काकांचं एकच गाणं आहे. पण ते एकच गाणं असं गेलंय गड्या, अकरा लाख लोकांनी बघितलंय. लग्नाच्या वरातीत तेच, ट्रॅक्टरवर तेच, सांगलीत कॉलेजच्या गॅदरिंगला पोरं त्याच्यावर नाचली. मीच रेकॉर्ड केलेलं. इथंच.

थांब, ते कसं झालं ते सांगतो आधी.

फेब्रुवारीत वीरधवल आला होता. वीरधवलदादा, आता युवा मंचाचा अध्यक्ष. माणूस वाईट नाही बरं का, खोटं कशाला बोलू. माझ्या साउंडचे पहिले दोन टॉप, म्हणजे मोठे स्पीकर, त्यानंच घेऊन दिलेले. विहिरींवरच्या मोटारींच्या केबली चोरीला जात होत्या, सात-आठ झाल्या असतील. पोलीस येऊन बघून गेले, चोर काही सापडला नाही. मग याच्या डोक्यात बसलं की हे बाहेरचे. पोल्ट्रीवर, डाळिंबाच्या बागांत बाहेरच्या राज्यातली माणसं आलीत ना कामाला, तेच करणार. मोबाईलवर ओळी लिहून आणल्या होत्या. म्हणाला, "एक मेच्या ग्रामसभेत ठराव घ्यायचाय. परराज्यातल्याला गावात खोली द्यायची न्हाई, असलेल्याला म्हैन्यात काढायचं. पर नुसत्या ठरावाला कोन हिंग लावून इचारत न्हाई. आधी गानं पायजे. गानं डोस्क्यात बसलं की हात आपसूक वर जातो."

ओळी अशा होत्या:

तोंड बघून वळका त्याला, नाव कशाला पुसता?
आमच्या मातीत आमीच पिकू, तुमी कशाला घुसता?

मी हसलो वाचून. खरं सांगतो, मला मजा वाटली. बीटवर झकास बसणारं आहे, एवढंच डोक्यात आलं.

गायला कोण? दोन पोरं आणून बघितली, एक नाकात गायचा, एकाला ताल नाही. मग वीरधवललाच आठवलं, आकारामकाका भजनात गातात, आवाज जाड आहे, मातीतला आहे. काकांना बोलावलं. काका लाजले. छप्पन्न वर्षांचा माणूस, हेडफोन घालताना कानाला हात लावून असा हसला की बस. चाल नव्हती आमच्याकडं. मी दोन-तीन लावून बघितल्या, सगळ्या कुठल्या ना कुठल्या गाण्यासारख्या. तर काका म्हणाले, "ह्ये आसं म्हनून बगू का?" आणि डोळे मिटून गुणगुणले.

जाल्या, अंगावर काटा आला. वर चढत जाऊन तिसऱ्या ओळीला अशी हळूच खाली बसते ना ती चाल! मी म्हटलं, "कुठनं काढली ओ?" तर म्हणाले, "काढतूय कुठनं? घशातच हुती." एका टेकमध्ये गाणं ओके. मी नंतर त्याचा वेग दुप्पट केला, खाली डीजेचा बीट टाकला, वीरधवलच्या चॅनलवर चढवलं, झालं.

आणि काकांचं आयुष्यच बदललं बघ. सगळं आयुष्य माणसाला कुणी विचारलं नव्हतं. मिसरूड फुटायच्या आधी गलाईला गेले, आपल्या भागातल्या निम्म्या पोरांसारखे. परमुलखात सराफकट्ट्याजवळ खोली घ्यायची, लोकांचं जुनं सोनं तेजाबात उकळून शुद्ध करून द्यायचं. एकोणीस वर्षं आसामात, जोरहाटकडं. तेजाबाच्या धुरानं छाती गेली, म्हणून परत आले. मग ग्रामपंचायतीत पाणी सोडायचं काम. पाणी आलं तर नाव नाही आणि नाही आलं तर आईबहिणीवरून शिव्या. तो माणूस गेल्या दोन महिन्यांत व्हॉल्व फिरवायला गेला की पोरं गाडी थांबवून सेल्फी काढायची. बनुकाकू म्हणायच्या, "आता मला बी तिकीट काढाय लागंल ह्यांच्यासंगं ऱ्हायाचं."

आणि असा माणूस माझ्यासमोर उभा राहून म्हणतोय, पुसून टाक.

मी म्हटलं, "आवं पर झालं काय?"

मग बसले. पाणी प्यायले. आणि सांगायला लागले.

काकांच्या घरामागं दोन पत्र्याच्या खोल्या आहेत. त्यात पाच महिन्यांपासून एक जोडपं राहतं. बिकाश चेतिया आणि त्याची बायको रूमी. आसामचेच. तो पोल्ट्रीवर, ती घरी, आठ महिन्यांचं पोरगं. काकांना तेवढंच आसामी बोलायला मिळतं म्हणून त्यांनी बोलावून खोली दिलेली. मी विचारलं, "मग गाणं म्हणताना तुमाला ही आठवली न्हाईत का ओ?" तर काका जमिनीकडं बघत म्हणाले, "न्हाई आठवली. शपथ. बाहेरची म्हंजे दुसरी कोन तरी. ही तर आमच्या घरातली हुती."

तर त्या सकाळी काका पाणी सोडून न्याहारीला घरी आले, आणि मागच्या खोलीतनं आवाज. रूमी पोराला मांडीवर घेऊन गात होती. काकांचं गाणं. तेच. फक्त एकदम सावकाश. काका खुशीत. ओट्यावरनंच ओरडले, "काय गं, तू बी माझंच गानं म्हनतीयास व्हय?"

तर बिकाश दारात येऊन हसला. हे सगळं बोलणं आसामीत बरं का, मला कळावं म्हणून काकांनी त्याचं हिंदी करून सांगितलं. म्हणाला, "काका, आपका कहां? ये तो हमारा गाना है. मां गाती थी, नानी गाती थी. बच्चे को सुलाने का."

काका तिथंच उभे.

"परब्या, मग मला दिसलीच की रं ती. बाईदेउ." तिकडं थोरल्या बहिणीला बाईदेउ म्हणतात. काकांची जोरहाटची घरमालकीण. मिसरूड न फुटलेलं पोर तेजाबाच्या बाटल्या घेऊन गावभर फिरत होतं, त्या वासाला भिऊन कुणी खोली देईना, तर हिनं दिली. घराखाली तिचा माग होता. नातवाला पाठीशी बांधून ती कापड विणायची आणि गायची. "सकाळ न्हाई, दुपार न्हाई, सारखी त्येच गायाची. मी वर भट्टीपशी बसल्याला. कवा घशात उतरली, मला सुदिक म्हाईत न्हाई. मला वाटलं माझीच हाय."

काका पुढं म्हणाले, "आरं, त्येस्नी मराठी येत न्हाई. दोन म्हैनं झालं, गावात डीजेवर गानं लागलं की त्येस्नी वाटतंय गाव आपली अंगाई वाजवतंय. आपल्यासाटी. रूमीनं आईला फोन लावला, यिडिओवर. म्हातारी हात जोडून रडाय लागली, म्हनली एवढ्या लांब आमचं गानं लावत्यात, लय भली मानसं हायती. आन मला इचारलं, काका, बोल का मतलब क्या है."

"मग काय सांगितलं?"

"म्हनलो, मिट्टी का गाना है."

आणि जाल्या, मोठा माणूस, पण हे सांगताना चावीनं माझ्या फरशीवर नुसता टोकरत बसलेला. टक टक टक.

मी सांगितलं, काका, आता ते माझ्या हातात नाही. चॅनल वीरधवलचं, आणि तिथनं काढलं तरी सगळ्या तालुक्याच्या मोबाईलमध्ये आहे. काका म्हणाले, "आता न्हाई. तवा तुझ्याच हातात हुतं की." रागानं नाही बरं का. नुसतंच म्हणाले. मला मात्र लागलं. कारण हीच खोली मी घेतली ना स्टुडिओला, तेव्हा आटपाडीत चार मालकांनी आधी नाव विचारलं, मग आडनाव विचारलं, आणि मग म्हणाले, खोली गेली. खालच्या गिरणीवाल्या केरबाअण्णांनी तेवढं काही विचारलं नाही. आणि मी त्याच खोलीत बसून, कानाला हेडफोन लावून, 'नाव कशाला पुसता' ही ओळ नीट ऐकू यावी म्हणून तीनदा आवाज वर घेतला होता.

दुपारी दोघं वीरधवलकडं गेलो. चौकात टपरीवर होता, भोवती चार पोरं. काकांना बघितल्यावर उठून खुर्ची दिली. "या कलाकार! परवा ग्रामसभेत लाइव्ह गायाचं हाय, घसा जपा. आज तेलकट बंद."

काकांनी सगळं सांगितलं. वीरधवल ऐकत होता, मधी मधी मान हलवत. शेवटी म्हणाला, "आवं काका, चाल कुनाची बी आसू दे. शब्द आपलं हायती ना?"

काका म्हणाले, "तुझा बा कुठं आसतूय रं?"

"सेलमला. तुमास्नी म्हाईत हाय की. गलाईला."

"मग तितं त्यो कोन? तितला पाटील हाय का बाहेरचा?"

पोरं फिसकन हसली. वीरधवलचे कान लाल झाले. म्हणाला, "आमची मानसं गेली ती कसब घिऊन गेली काका. सोनं शुद्द कराय गेली. केबली तोडाय न्हाई गेली."

"मग बिकाश काय तोडतूय? कोंबड्यांच्या माना?"

आता तर टपरीवाला पण हसला. आणि तिथंच बिघडलं बघ. चारचौघांत हसू झालं ना, की वीरधवल वेगळाच होतो. आवाज खाली आणला. म्हणाला, "काका, ठराव सगळ्यांसाठी हाय. तुमच्यासाठी येगळा न्हाई निघनार. आन एक. तुमचा पानीपुरवठ्याचा आदेश दर अकरा म्हैन्यांनी नवा निघतो, व्हय ना? जूनमधी संपतोय न्हवं?" आणि लगेच खांद्यावर हात ठेवून, "तुमी नुसतं गावा. बाकीचा इचार आमी करतो."

परत जाताना मी म्हटलं, घसा बसला म्हणून सांगा, येऊच नका. काका म्हणाले, "सतरांदा पानी सुटलं न्हाई म्हनून खोटं बोललूय गावाशी. ह्ये न्हाई बोलवत."

एक मे. शाळेच्या मैदानात झेंडावंदन झालं, पोरांना जिलबी वाटली, आणि दहाला ग्रामसभा. साउंड माझं. चार टॉप, दोन बेस, लिंबाखाली टेबल टाकून मिक्सर मांडलेला. सरपंच राजेश्वरीवहिनी, बाजूला ग्रामसेवक. गर्दी कधी नव्हे एवढी, नाहीतर ग्रामसभेला कोरम भरताना मारामार. सगळे गाणं ऐकायला आलेले. आणि गेटजवळ, जिलबीचा कागद हातात घेऊन, बिकाश आणि रूमी. पोरगं तिच्या कडेवर. झेंड्याला आलेले बिचारे. पोराच्या छातीला कागदी झेंडा टाचलेला.

विषय नंबर सात आला. ग्रामसेवकानं ठराव वाचला, अगदी एका सुरात, दाखला वाचावा तसा. वीरधवल उठला, महाराष्ट्र दिनाचं बोलला, पाच मिनिटं, चांगलं बोलला. मग म्हणाला, आता हात वर करायच्या आधी आपल्या गावचा आवाज ऐका. शिट्ट्या सुरू.

काका माइकपाशी आले. धुतलेली टोपी. मी ट्रॅक लावून ठेवला होता, नुसत्या बीटचा. काकांनी माझ्याकडं बघून हात केला, थांब म्हणून.

"मंडळी," म्हणाले, "ही चाल माझी न्हाई."

लोक हसले. वाटलं, गाण्याआधीची गंमत.

"ही आसामातल्या एका बाईची हाय. तिनं मला खोली दिल्ती. एकोनीस वरसं. माझ्या तोंडाकडं बगितलं न्हाई का जात इचारली न्हाई. ती पोरास्नी झोपवाय ही गायाची…"

मागनं कुणीतरी ओरडलं, "काका, आंगाई नगं, डीजे पायजे!" आणखी एक, "झोप आली, झोप आली!" हशा. राजेश्वरीवहिनी म्हणाल्या, "बोलू द्या ओ त्यांना." कोण ऐकतंय.

"मी तिला न इचारता चाल घेटली," काका म्हणाले, "आन तिच्याच मानसास्नी हाकलाय लावली. माझं चुकलं. मी गानार न्हाई. आन ह्यो ठराव…"

"परब्या!" वीरधवलनं माझ्या टेबलावर हात आपटला. "रेकॉर्ड लाव."

आणि मी लावलं.

का विचारू नको. हात गेला. ज्यानं टॉप घेऊन दिले त्यानं सांगितलं आणि हात गेला.

चार टॉपमधनं आकारामकाका सुटले. 'तोंड बघून वळका त्याला!' मैदान उसळलं. पोरं नाचायला लागली. आणि माइकपाशी काका तसेच उभे, अजून बोलतायत. तोंड हलतंय. काय बोलतायत काही कळत नाही, कारण त्यांचाच आवाज त्यांच्या अंगावरनं चाललाय. त्यांचा माइक चालू होता गड्या. आवाज कमी-जास्त करायचे दोन्ही फेडर माझ्या बोटांखाली होते, इथं गाणं आणि इथं माइक. एक खाली, एक वर, एवढंच. काकांनी वळून माझ्याकडं बघितलं. हातवारे नाहीत, काही नाही. नुसतं बघितलं. मी मिक्सरवरच्या लाइटीकडं बघत बसलो.

गेटजवळ रूमी पोराला कडेवर घेऊन गाण्यावर डुलत होती. हसत होती.

तीन मिनिटं चाळीस सेकंद. संपलं. हात वर करा म्हणाले. हातांचं रान उठलं. कुणी मोजले नाहीत, मोजायची गरज नव्हती. बायकांच्या बाजूला बनुकाकू हात पदरात घेऊन बसलेल्या. राजेश्वरीवहिनींनी थोडा वेळ कागदाकडं बघितलं आणि सही केली.

काकांनी माइक स्टँडला लावला. पडू नये म्हणून स्क्रू घट्ट केला, हे मी बघितलं. आणि गर्दीतनं वाट काढत सरळ गेटकडं गेले.

मला वाटलं निघाले घरी. पण ते रूमीपुढं थांबले. मी केबल गुंडाळायचं सोंग करत जवळ गेलो. तिनं मोबाईल पुढं केला होता, हे गाणं आईला पाठवायचंय म्हणत होती. काकांनी टोपी काढली. आणि आसामीत बोलायला लागले. मला एक अक्षर समजत नव्हतं, पण समजत होतं. ते एक एक ओळ सांगत होते. ओळ म्हणायची, थांबायचं, अर्थ सांगायचा. शाळेत पाठ म्हणून दाखवतात तसं. पहिल्या ओळीला स्वतःच्या तोंडावरनं हात फिरवला. बिकाशची मान खाली गेली. रूमी काकांच्या तोंडाकडं बघत राहिली, अगदी शेवटच्या ओळीपर्यंत. मग तिनं मोबाईल खाली घेतला, पोरगं या खांद्यावरनं त्या खांद्यावर घेतलं, आणि त्याच्या कानावर तळहात ठेवला. गाणं तर कधीच बंद झालं होतं.

काका तसेच उभे, बोडक्या डोक्यानं, उन्हात.

शुक्रवारी गेली ती दोघं. महिना दिला होता, पण थांबली नाहीत. काकू म्हणाल्या, खोली सारवल्यासारखी झाडून गेली. काका अजून पाणी सोडतात, जूनपर्यंत सोडतील. परवा मी दिसलो तर थांबले, "जेवलास का" विचारलं, आणि गेले. शिवी दिली असती तर बरं झालं असतं, जाल्या. भजनाला जात नाहीत आता. गाणं मात्र जोरात आहे, शेजारच्या दोन गावांनी वीरधवलकडं ठरावाची नक्कल मागितली आणि माझ्याकडं पेन ड्राइव्ह.

बोटं इथं होती बघ, अशी. नुसतं एक इंचभर खाली ओढायचं होतं. समोर सगळं गाव नाचतंय, वीरधवल टेबलाला टेकून उभा, आणि तो माणूस तुझ्याकडं बघतोय.

आता बोल. तू असतास तिथं, तर काय केलं असतंस?